कोचाच्या पायथ्याशी योफी

१९८९ ते १९९२ अशी तीन वर्षं मी रांजणगाव परिसरातल्या एका बँकशाखेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो. महागणपतीचं देऊळ, पुणे-नगर रस्त्यावरची वाहनं, चतुर्थीची गर्दी आणि गाव सोडलं की ज्वारी-बाजरीची रानं, असं तेव्हाचं रांजणगाव. मोठे कारखाने यायचे होते. सकाळी शाखेत सह्या झाल्या की मी मोटारसायकलला किक मारायचो आणि वाड्यावस्त्यांवर वसुलीला निघायचो. पुढं कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली निम्मी माणसं मला त्या फिरतीत भेटलेली आहेत. पण एक माणूस मी आजवर कुठल्याही कादंबरीत घातला नाही. त्याच्याविषयी लिहायची हिंमत झाली नाही, हे खरं कारण.

वय पन्नाशीच्या पुढचं. बँकेनं त्यांना बैलजोडीसाठी कर्ज दिलेलं होतं आणि जोडी बँकेकडे तारण होती. दोन हप्ते वेळेवर आले, मग थांबले. मी गेलो तेव्हा शेजाऱ्यानं वाटेतच सांगितलं, की यांचा तरणाताठा मुलगा नगर रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून माणूस बोलत नाही, बायकोशी नाही, सख्ख्या भावाशी नाही. मी ओट्यावर टेकलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि जमिनीकडं बघत बसले. हप्त्याचं विचारलं, उत्तर नाही. पिकाचं विचारलं, उत्तर नाही. शेवटी म्हटलं, जोडी तरी दाखवा. तारणाची पाहणी हा आमच्या छापील अहवालातला एक रकानाच असे. ते उठून गोठ्यात गेले. एका बैलानं त्यांच्या खांद्यावर मान टेकली, आणि तो माणूस बोलायला लागला. आधी बैलाशी, मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडं न बघता, माझ्याशी. मुलगा कसा होता, त्या दिवशी काय जेवून गेला, निरोप कोणी आणला. तासभर ते बोलत होते.

मी ऐकलं. खरं सांगायचं तर निम्मं ऐकलं. निम्मं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडं होतं, कारण अंधार पडायच्या आत आणखी दोन घरं करायची होती. पुढं मार्चअखेर आली. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली. त्यांनी जोडी बाजारात नेऊन विकली, पैसे भरले, खातं नियमित झालं. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. काही महिन्यांनी त्या वाटेनं गेलो तेव्हा ते ओट्यावरच बसलेले होते. गोठा रिकामा होता. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बोलले मात्र नाहीत.

त्यांना कुठं न्यावं हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. गुरांचा दवाखाना माहीत होता. माणसाच्या मनासाठीही दवाखाना असतो, हे वाचून ठाऊक होतं. पण रांजणगावच्या शेतकऱ्याचा आणि त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि मी सिग्मंड फ्रॉईडचं चरित्र नीट वाचायला घेतलं. आमच्या पिढीच्या लेखकांवर फ्रॉईडचं ऋण आहे. नवकथेच्या काळापासून मराठीत अबोध मन, स्वप्नं, दडपलेल्या इच्छा या गोष्टींचा बोलबाला झाला आणि ज्यांनी त्याचं एक पानही वाचलं नव्हतं तेही त्याचं नाव घेऊ लागले. त्याच्याविषयीचं आपलं चित्र ठरलेलं असतं: दाढीवाला, सिगार ओढणारा, सगळ्या गोष्टींच्या मुळाशी एकच गोष्ट शोधणारा डॉक्टर. पण त्या प्रसिद्ध खोलीत, प्रसिद्ध कोचाच्या पायथ्याशी, शेवटची काही वर्षं एक कुत्री बसलेली असायची हे मला माहीत नव्हतं. ते वाचलं आणि मला तो गोठा आठवला.

दोन कुत्र्यांची गोष्ट

फ्रॉईडचा जन्म ६ मे १८५६ चा, मोराव्हियातल्या फ्रायबर्ग या लहान गावातला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील याकोब लोकरीचे व्यापारी, ज्यू. धंदा बसला, कुटुंब आधी लाइपझिगला आणि १८६० साली व्हिएन्नाला आलं. घरात पोरांचं लेंढार, जागा अपुरी. पण थोरल्या सिग्मंडच्या अभ्यासासाठी मात्र वेगळी खोली. हा मुलगा कोणीतरी मोठा होणार, ही त्याच्या आईची खात्री होती. असं घर आपल्यालाही अनोळखी नाही!

शाळेत असताना त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं मिळून स्पॅनिश भाषा शिकायचं ठरवलं. हाताशी सर्वांतेसची एक गोष्ट होती. वायादोलिद शहरातल्या एका रुग्णालयाच्या दाराशी दोन कुत्री रात्री एकमेकांशी बोलतात, अशी ती गोष्ट. बेर्गान्सा नावाचा कुत्रा आपल्या आयुष्याची सगळी कहाणी सांगतो आणि सिपिऑन नावाचा कुत्रा ती ऐकतो, मधूनच त्याला मुद्द्यावर आणतो. दोघा मित्रांनी ही दोन नावं आपापसांत वाटून घेतली आणि पत्रांखाली त्या नावांनी सह्या करू लागले. फ्रॉईडनं घेतलेलं नाव सिपिऑनचं, म्हणजे ऐकणाऱ्या कुत्र्याचं. पुढं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसानं सोळा-सतराव्या वर्षी हे नाव घ्यावं, असं एखाद्या कादंबरीकारानं लिहिलं तर संपादक ते खोटं वाटतं म्हणून खोडून टाकील.

पण प्राण्यांशी त्याची पुढची ओळख प्रेमाची नव्हती. १८७३ साली तो वैद्यकीच्या शिक्षणासाठी व्हिएन्ना विद्यापीठात गेला. १८७६ साली, विशीत, त्याला ट्रिएस्टच्या प्राणिशास्त्र केंद्रात पाठवण्यात आलं. ईल या सापासारख्या लांब माशाचे वृषण कोणाला सापडत नव्हते, ते शोधायचे होते. त्यानं सुमारे चारशे मासे चिरले आणि हाती नक्की असं काही लागलं नाही. नंतर ब्र्युकं यांच्या प्रयोगशाळेत माशांच्या आणि खेकड्याच्या जातीच्या प्राण्यांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात त्याची वर्षं गेली. १८८१ साली तो डॉक्टर झाला. १८८२ साली मार्था बेर्नाइसशी लग्न ठरलं आणि संशोधकाच्या तुटपुंज्या पगारात संसार चालणार नाही म्हणून तो दवाखान्याकडं वळला. लग्न व्हायला पुढं चार वर्षं लागली. मनोविश्लेषणाच्या जन्मामागं हीदेखील एक घरगुती अडचण आहे!

पाण्याचा पेला

१८८५-८६ च्या हिवाळ्यात फ्रॉईड पॅरिसला शार्को यांच्याकडं काही महिने शिकला. तिथं त्यानं पाहिलं, की हातपाय लुळे पडलेल्या काही रुग्णांच्या शरीरात कसलाच बिघाड नसतो. दुखणं मनातलं असतं आणि तरीही ते खरं असतं. परत येऊन त्यानं व्हिएन्नात दवाखाना उघडला.

त्याचे वडीलधारे मित्र डॉक्टर ब्रॉयर यांनी त्याला आपल्या एका रुग्ण मुलीची हकीकत सांगितली होती. १८८० ते १८८२ या काळात त्यांनी तिच्यावर उपचार केले होते. पुस्तकात तिला आना ओ. असं नाव दिलं आहे. वडिलांच्या आजारपणात सेवा करता करता ती स्वतःच आजारी पडली. एका कडक उन्हाळ्यात तिला पाणी पिणं अशक्य झालं. तहान लागायची, पेला हातात घ्यायची आणि ओठांशी येताच दूर लोटायची. सहा आठवडे ती फळांवर राहिली. मग एके दिवशी संमोहनावस्थेत तिनं सांगितलं, की घरातल्या सोबतिणीचा लहानसा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिनं पाहिला होता. किळस आली होती. पण सभ्यपणा म्हणून ती गप्प राहिली होती. एवढं सांगून झाल्यावर तिनं पाणी मागितलं आणि भरपूर प्यायली.

बोलण्यानं दुखणं हलकं होतं, हे यातून ब्रॉयर आणि फ्रॉईड यांच्या ध्यानात आलं. दोघांचं पुस्तक १८९५ साली निघालं. आज शाळेपासून कारखान्यापर्यंत समुपदेशनाची जी खोली दिसते, तिचं एक मूळ या पाण्याच्या पेल्यात आहे. आणि त्या गोष्टीतही एक कुत्रा आहेच.

१८९१ साली फ्रॉईड कुटुंब व्हिएन्नातल्या बेर्गगासे रस्त्यावर १९ नंबरच्या घरात राहायला आलं आणि सत्तेचाळीस वर्षं तिथं राहिलं. एका रुग्ण बाईंनी भेट दिलेला कोच तिथं होता. रुग्णानं आडवं व्हायचं, मनात येईल ते बोलायचं, डॉक्टरनं उशाशी, नजरेआड बसून ऐकायचं. स्वप्नांवरचा त्याचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस आला, प्रकाशकानं त्यावर १९०० हे साल घातलं. सुरुवातीला तो फारसा खपला नाही. पुढं मात्र जगभरातून शिष्य येऊ लागले. १९२२ साली आपल्याकडं कलकत्त्यात डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉईडच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, तिथून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट म्हणून गेली आणि ती त्यानं आपल्या टेबलावर ठेवली.

या मधल्या काळात त्याच्या लेखनात प्राणी पुष्कळ आहेत, पण ते भीतीचे. घोड्याला घाबरून घराबाहेर न पडणारा पाच वर्षांचा हान्स, उंदरांच्या कल्पनेनं पछाडलेला माणूस, झाडावर बसलेले लांडगे स्वप्नात पाहणारा माणूस, ही त्याची गाजलेली प्रकरणं. त्याच्या सिद्धांतांवर टीकाही तेवढीच झाली. स्त्रियांच्या मनाविषयी तो जे लिहून गेला त्यातलं पुष्कळसं आज कोणी मानत नाही, आणि मोजक्या रुग्णांवरून त्यानं सगळ्या मानवजातीविषयी निष्कर्ष काढले हा आक्षेपही खोटा नाही. पण दुःखी माणसाला उपदेश न करता, घाई न करता ऐकावं, हा त्यानं घालून दिलेला पाठ टिकला आहे.

उतारवयातले सोबती

साठीनंतर या माणसावर संकटांची रांग लागली. जानेवारी १९२० मध्ये सव्विसाव्या वर्षी त्याची मुलगी सोफी हँबुर्गला फ्ल्यूच्या साथीत गेली. महायुद्धानंतर गाड्या धड चालत नव्हत्या. आईबापांना अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही. एप्रिल १९२३ मध्ये त्याच्या तोंडातली गाठ काढली. तो कॅन्सर निघाला. त्या दिवशी रुग्णालयात त्याला एका कोंदट खोलीत ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर बुटका, बुद्धीनं मंद समजला जाणारा एक रुग्ण होता. फ्रॉईडला अचानक रक्तस्राव सुरू झाला, घंटी वाजेना, बोलता येईना. तो शेजारी धावत जाऊन परिचारिकेला घेऊन आला, म्हणून जीव वाचला. मनाचा जगप्रसिद्ध अभ्यासक त्या दिवशी अशा माणसामुळे वाचला, ज्याच्या बुद्धीची जग किंमत करत नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये सोफीचा धाकटा मुलगा क्षयानं गेला. साडेचार वर्षांचा तो नातू आजोबांचा फार लाडका. त्या मृत्यूनंतर आपल्याला कशातच गोडी उरली नाही, असं फ्रॉईड जवळच्यांना सांगत असे. पुढच्या सोळा वर्षांत जबड्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूच्या जागी कृत्रिम टाळू बसवला, तो सतत टोचायचा. बोलणं अस्पष्ट झालं, उजव्या कानानं ऐकू येईना. बोलण्या-ऐकण्यावरच ज्याचा व्यवसाय, त्याची ही गत!

या काळात त्या घरात कुत्री आली. १९२५ साली धाकट्या मुलीसाठी, अ‍ॅनासाठी, वोल्फ नावाचा अल्सेशियन आणला. संध्याकाळी ती एकटी फिरायला जाई, तिला सोबत म्हणून. हा वोल्फ एकदा चुकला आणि चक्क टॅक्सीत बसून घरी आला. गळपट्ट्यावरचा पत्ता वाचून टॅक्सीवाल्यानं आणून सोडला. फ्रॉईडच्या वाढदिवसाला कुत्र्यांच्या गळ्यात अ‍ॅनानं केलेल्या कविता बांधायच्या, अशी घरात प्रथा पडली. ज्याच्या नावानं युरोपातले विद्वान चळचळा कापायचे, तो म्हातारा त्या कविता काढून घेऊन हसत वाचायचा.

१९२८ साली डोरोथी बर्लिंगहॅम या स्नेही बाईंनी त्याला स्वतःची म्हणून एक कुत्री दिली. चाऊ जातीची, ही मूळ चीनमधली जात, सिंहासारखी आयाळ, निळसर जीभ. ऑगस्ट १९२९ मध्ये साल्झबुर्गच्या स्टेशनावर ती हातातून निसटली आणि रुळांवर मरून पडलेली सापडली. बहात्तरी उलटलेल्या म्हाताऱ्यानं तिच्यासाठी शोक केला. १९३० मध्ये तिची बहीण घरात आली. तिचं नाव योफी.

तास संपला

योफी सात वर्षं फ्रॉईडच्या सोबत होती आणि त्यातले बहुतेक दिवस तिनं त्याच्या उपचाराच्या खोलीत घालवले. रुग्ण आत आला की ती त्याला हुंगायची आणि कोचाजवळ पडून राहायची. पन्नास-पंचावन्न मिनिटं झाली की उठायची, आळस द्यायची, जांभई द्यायची. फ्रॉईडच्या मुलानं आठवणींत लिहिलंय, की वडिलांना त्यामुळे घड्याळ पाहावंच लागत नसे. ज्या माणसासमोर कोणी आयुष्य उघडं करतोय, त्यानं मनगटाकडं नजर टाकली की समोरचा मिटतो. कुत्रीनं जांभई दिली तर कोणाला राग येत नाही. हे वाचलं तेव्हा त्या गोठ्यात उभं राहून घड्याळ पाहणारा मी मला दिसलो.

योफीविषयी फ्रॉईडचे रुग्ण पुढं आठवणीनं लिहीत राहिले. अमेरिकी कवयित्री हिल्डा डूलिटल १९३३ साली उपचाराला आली. पहिल्याच भेटीत ती योफीला गोंजारायला वाकली. ही अनोळखी माणसांना चावते, असं फ्रॉईडनं सावध केलं, तरी ती वाकलीच आणि योफीनं तिच्या हातात नाक खुपसलं. अनोळखी देशात, बड्या डॉक्टरपुढं आलेल्या बाईला पहिली मान्यता मिळाली ती कुत्रीकडून. मात्र पुढं याच बाईंना कधी कधी वाटायचं, की डॉक्टरांचं लक्ष आपल्यापेक्षा योफीकडंच जास्त आहे. आणखी एका अमेरिकी डॉक्टरनं लिहिलंय, की योफी दाराशी ओरखडू लागली की फ्रॉईड उठून तिला बाहेर सोडी आणि तुमचं बोलणं तिला पटलेलं दिसत नाही, अशी थट्टा करी; ती परत आली की तिनं तुम्हाला आणखी एक संधी दिली आहे असं म्हणे. थट्टेनं ताण सैल होई. रुग्ण अस्वस्थ असला की योफी लांब बसते, शांत असला की जवळ, आणि मुलं तर ती असली की मोकळी होतात, असं फ्रॉईडच्या ध्यानात आलं होतं, असंही सांगतात.

कुत्र्यांविषयी त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाच्या प्रेमात राग मिसळलेला असतो, रागात प्रेम मिसळलेलं असतं. ज्याच्यावर जीव लावतो त्याचाच आपण दुस्वासही करतो. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं प्रेम भेसळीचं नसतं. जन्मभर माणसाच्या मनातली भेसळ तपासणाऱ्याला संध्याकाळी असा सोबती हवासा वाटला, यात नवल नाही. पण योफीच्या मदतीचा त्यानं कधी सिद्धांत केला नाही, त्यावर निबंध लिहिला नाही. त्याच्या लेखी ती घरातलीच एक होती.

जानेवारी १९३७ मध्ये योफीवर शस्त्रक्रिया झाली. ती बरी होतेय असं वाटत असतानाच गेली. सात वर्षांचा सहवास सहज विसरता येत नाही, हे ऐंशी वर्षांच्या फ्रॉईडनं मित्राला कळवलं. कुत्र्याशिवाय राहणं त्याला जमेना. योफीशी पटत नाही म्हणून डोरोथीबाईंकडं ठेवलेली ल्यून ही दुसरी चाऊ लगेच परत आणली गेली.

मार्च १९३८ मध्ये हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं. घराची झडती झाली. अ‍ॅनाला गेस्टापोनं चौकशीसाठी नेलं. ती संध्याकाळी परत येईपर्यंत बापाच्या जिवात जीव नव्हता. देश सोडण्याच्या परवान्याची वाट पाहायची होती, हाताला काम हवं होतं. त्या दिवसांत बापलेकीनं एका पुस्तकाचा जर्मन अनुवाद पुरा केला. मारी बोनापार्त या शिष्येचं ते पुस्तक तिच्या टॉप्सी नावाच्या चाऊ कुत्रीविषयी होतं. टॉप्सीच्या तोंडात कॅन्सरची गाठ झाली होती आणि ती उपचारांनी बरी झाली होती. हाच आजार अंगावर वागवणाऱ्या माणसानं, घराभोवती मृत्यू फिरत असताना, हे काम निवडावं, याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लावावा.

४ जून १९३८ रोजी कुटुंबानं व्हिएन्ना सोडलं. फ्रॉईडच्या चार बहिणी मागं राहिल्या. त्या पुढं नाझींच्या छळछावण्यांत मेल्या. लंडनला पोचल्यावर रेबीजच्या कायद्यानुसार ल्यूनला सहा महिने वेगळं ठेवावं लागलं. ब्याऐंशी वर्षांचा आजारी फ्रॉईड तिला भेटायला तिथं जात असे.

१९३९ च्या उन्हाळ्यात कॅन्सर हाताबाहेर गेला. जखम गालाबाहेर आली आणि तिला दुर्गंधी सुटली. ल्यून खोलीत आणली की ती पलंगाजवळ येईना, लांब कोपऱ्यात अंग चोरून बसे. तिच्या नाकाला तो वास सहन होत नव्हता. फ्रॉईडला ते कळलं आणि फार लागलं. त्याच्या जवळ शेवटपर्यंत बसून राहिली ती अ‍ॅना. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, मॉर्फिनच्या गुंगीत, त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

दार उघडलं, पुढं काय?

दुःखी माणसाच्या सोबतीला प्राणी द्यावा, ही कल्पना फ्रॉईडच्याही आधीची. इंग्लंडात यॉर्क इथं क्वेकर पंथीयांनी १७९६ साली मनोरुग्णांसाठी आश्रम काढला. मनोरुग्णांना साखळदंडानं बांधायचा तो काळ. पण तिथल्या अंगणात ससे आणि कोंबड्या सोडलेल्या असत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनंही आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात, दीर्घ आजारी माणसाला लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो असं नोंदवून ठेवलं. पण समुपदेशनाची रीतसर पद्धत म्हणून ही गोष्ट मांडली ती बोरिस लेव्हिन्सन या न्यूयॉर्कच्या बालमानसतज्ज्ञानं. कोणाशी न बोलणारा एक मुलगा ठरल्या वेळेआधीच आला आणि तज्ज्ञांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळू लागला. त्या खेळातून तो तज्ज्ञांशीही बोलू लागला. १९६१ साली लेव्हिन्सननं हे परिषदेत मांडलं आणि पुढच्या वर्षी छापलं. तुमच्या फीमधला किती वाटा कुत्र्याला देता, असं कोणीतरी विचारलं म्हणतात! पुढं फ्रॉईड आणि योफीच्या हकीकती लोकांच्या वाचनात येऊ लागल्या आणि हसणं कमी झालं.

आज ही पद्धत जगभर रुजली आहे. आपल्याकडं मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था शिकवलेली कुत्री घेऊन विशेष मुलांच्या शाळांत आणि समुपदेशनात काम करतात. मात्र उत्साहाच्या भरात दोन-तीन गोष्टी विसरू नयेत. कुत्रा औषधाची जागा घेत नाही आणि समुपदेशकाचीही घेत नाही. त्याचं लसीकरण, त्याचा स्वभाव, त्याचं शिक्षण तपासलेलं असावं लागतं. ज्या गावात कुत्रा चावून माणसं दगावल्याचं ऐकलेलं असतं, तिथल्या मुलाला कुत्र्याची भीती वाटणारच. त्याच्यावर ती सोबत लादायची नसते. आणि दुसऱ्यांचं दुःख दिवसभर सोसून तो मुका जीवही थकतो. त्यालाही सुट्टी लागते.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. पोळ्याला आपण बैलाच्या पाया पडतो. गाईच्या गळ्यात पडून माहेरच्या आठवणीनं रडणाऱ्या सासुरवाशिणी आमच्या आजीच्या पिढीत घरोघर होत्या. जनावरापाशी मन मोकळं करायचं आपल्याला शिकवावं लागलं नाही. आपल्याकडं उणीव होती ती पुढच्या पायरीची.

त्या गोठ्यात बैलानं आपलं काम केलं होतं. सहा-सात महिने मिटलेलं तोंड त्यानं उघडलं होतं. योफीनं जे बेर्गगासेत केलं, तेच त्यानं रांजणगावच्या वाडीवर केलं. फरक एवढाच, की व्हिएन्नात कोचाच्या उशाशी ऐकणारा माणूस बसलेला होता आणि इथं हातात वसुलीचं रजिस्टर घेतलेला मी होतो. प्राणी दार उघडून देतो. आत जाऊन बसायला माणूसच लागतो. ल्यून कोपऱ्यात गेली तेव्हाही अ‍ॅना जागची हलली नव्हती.

मला तेव्हा काय करता आलं असतं, याचा हिशेब मी आजही मांडतो. हप्त्यांची मुदत वाढवून मागण्याचा कागद वर पाठवता आला असता. निदान एकदा विचारून पाहता आलं असतं. पुण्याच्या सरकारी रुग्णालयाची चौकशी करता आली असती. यातलं काहीच नाही, तर पुढच्या आठवड्यात रजिस्टर शाखेत ठेवून, नुसतं बैल बघायला म्हणून जाता आलं असतं.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मनाच्या दुखण्याविषयी फुकट बोलता येतं, तेही आपल्या भाषेत. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आणि घरात, शेजारात, कचेरीत कोणी एकाएकी बोलेनासं झालं असेल, तर आधी हप्त्याचं, मार्कांचं, लग्नाचं विचारू नये. घरात मांजर असेल तर मांजराचं विचारावं, गोठ्यात गाय असेल तर गाईचं विचारावं. तो माणूस बोलू लागला, की हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवावं.